कार्ड नंबर एक्केचाळीस

आमचं वाचनालय म्हणजे दूध डेअरीची मागची खोली.
तीन लोखंडी कपाटं,
त्यातल्या एकाची किल्ली कधीची हरवलेली.
संध्याकाळी दुधाचं माप संपलं की
ढोमणे मास्तर पुस्तकं देतात,
फॅट लिहिलं त्याच पेनानं,
घाईत असले तर त्याच वहीत.

आंबिया बहार संपला, शेडमधलं काम सुटलं,
तेव्हा मी पहिल्यांदा गेले.
कोणाचं पाहिजे, त्यांनी विचारलं.
मला लेखकाचं एकही नाव येत नव्हतं.
म्हटलं, जाडं द्या.

जाडं निघालं प्रेमाचं.
नीलाक्षी वाघोडे नावाची कोणी बाई,
तिनं एका पोस्टमनला चारशे पानं
एकाच दारापर्यंत चालवलं
आणि कडी वाजली तिथं पुस्तक संपवलं.
त्या रात्री माझी भाकर करपली.
शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात पिवळा अंगठा.
हळदीचा नव्हे. हळदीचा डाग मला कळतो,
संत्र्याच्या सालीचाही कळतो.
मागच्या चिठ्ठीवर एकच आकडा, ४१.

मग मी लेखक शोधलेच नाहीत.
एक्केचाळीसच्या मागं मागं गेले,
पाणंदीत पुढच्या बैलगाडीची चाकोरी धरावी तशी.
असे भेटले त्र्यंबक उंबरहांडे.
इतिहास लिहितात,
पण राजाला बाराव्या प्रकरणाआधी गडावर चढू देत नाहीत.
तोवर चुना मळणारे, नाल ठोकणारे,
आणि वेढ्याच्या आठ महिन्यांत
रोज उरलेलं मीठ मोजणारी एक मुलगी.
तिनं शेवटची चिमूट
कोणाच्या ताटात टाकली, त्या ओळीशी
मी थांबले.
अंगठा माझ्याआधी थांबला होता.

कपाटाच्या तळाशी, वाळवीनं कड खाल्लेलं,
'काळ्या सरड्याचं राज्य', भाग पहिला.
जादू लेकरांसाठी असते, म्हणून ठेवून देणार होते.
पण चिठ्ठीवर ४१ चार वेळा.
चार!

त्यात नदी रात्री उलटी चढून उगमाशी झोपायला जाते.
गरजू माणसं आपली सावली
पायलीनं मोजून विकतात.
मृग बहारात शेड पुन्हा सुरू झालं.
मोठं, मध्यम, चुरी, हात आपोआप निवडत होते
आणि मी दोनदा मागं वळून
खोक्यावरची माझी सावली पाहिली.
"काय पाह्यतं वं?" केसर म्हणाली.
काई नाई.

दुसऱ्या भागात मुलगी पुलावर पोचते.
पूल विरघळतोय. तिचा एक पाय वर.
आणि पुस्तक संपतं.
तिसरा भाग कुठंच नाही.
मास्तरांना विचारलं, एक्केचाळीस कोण?
"डॉक्टर सांगते का कोणाचं दुखणं?"
म्हणून ते दुधात काटा बुडवत राहिले.

शेडमध्ये खोके ठोकायला दौलत कुमरे.
साठी उलटलेली. तोंडात कायम खिळे,
त्यामुळे वीस वर्षांत त्यांचा आवाज
कोणी धड ऐकलेला नाही.
एका दुपारी माझ्या थैलीतून
पुस्तकाचा खाल्लेला कोपरा बाहेर आला होता.
हातोडी थांबली.
त्यांनी एकेक खिळा काढून तळहातावर ठेवला,
सात खिळे.
"थे पुलावरची पोरगी," म्हणाले,
"पाय टेकवते का नाई?"

मी त्यांच्या अंगठ्याकडे पाहिलं.
तिसरा भाग तुमच्यापाशी नाही?
"असता त पयला चारदा कायले नेला असता मी?"

थोडा वेळ आम्ही दोघं गप्प.
संत्र्यांच्या ढिगावरून एक चुरी घरंगळत
दारापर्यंत गेली. कोणी उचलली नाही.
"थ्या बंद कपाटात असन," ते म्हणाले.
मलाही तेच वाटत होतं, कधीपासून.

संध्याकाळी आम्ही डेअरीत.
मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे,
मग त्यांच्या हातातल्या हातोडीकडे.
रांगेत अजून तीन कॅन होते.
"फॅट तं मोजून होऊ द्या," म्हणाले.