उजवा हात

जोएन्सूच्या चौकात आज सकाळी
पुतळ्यावरची ताडपत्री ओढली
तर ती घोड्याच्या कानात अडकली.
बँडवाले एकच ओळ तीनदा वाजवत राहिले.
मी मागे, बेकरीच्या पायरीवर,
हातात राईच्या पावाची पिशवी.

जनरल आल्महोल्म, ब्राँझचे.
उजवा हात उंच, पूर्वेकडे.

तो हात खांद्याच्या वर जात नसे हो.
पहिल्याच हिवाळ्यात गोळीनं सांधा खाल्ला होता.
सदरा मी काढायची, आधी डावी बाही,
मग डोक्यावरून, शेवटी उजवी,
लहान मुलाचा काढावा तसा.
आणि अख्खी आघाडी ज्यांना वचकून होती
ते डोळे मिटून मुकाट उभे राहायचे.

मी टेलिफोन एक्स्चेंजवर. साइमी कोक्को, रात्रपाळी.
आधी त्यांना फक्त माझा आवाज ठाऊक,
मला त्यांचा खोकला.
"बाई, तुमच्याकडे बर्फ पडतोय का?"
साठ किलोमीटरवरून विचारलं एकदा,
कामाचं सगळं बोलून झाल्यावर.
मी खिडकीकडे न पाहताच हो म्हटलं.

मग गुरुवार. तळ्याकाठचा सॉना,
गाडी दूर पाइनच्या रानात, दिवे मालवून.
ते बटाटे सोलायचे, डाव्या हातानं,
निम्मा बटाटा सालीतच जायचा.
नकाशांबद्दल चकार शब्द नाही.
बायकोबद्दल एकदाच: ती पियानो वाजवते,
चांगला वाजवते.
मी म्हटलं, साल जाड निघतेय.

आणि फेब्रुवारीतली ती रात्र.
लाइन मीच जोडली.
पूल सोडायचा नाही, म्हणाले,
शेवटच्या माणसापर्यंत.
पलीकडचा कॅप्टन म्हणाला, समजलं.
जोडून झालं की कान काढून घ्यायचा, असा नियम.
मी काढला नव्हता.
त्या पुलावर माझा धाकटा भाऊ होता, ताउनो.

गुरुवारी ते आले.
आधी डावी बाही. मग डोक्यावरून.
उजवीपाशी माझा हात थांबला.
"दुखतंय का?" मीच विचारलं.
"आज नाही," म्हणाले.

ताउनोचं नाव मी पोटातच ठेवलं.
माझं आडनाव त्यांना माहीत होतं.
यादी त्यांच्या टेबलावर आली असणार.
नसेलही. याद्या लांब होत्या.
त्यानंतर अकरा वर्षं गुरुवार येत राहिले,
मी सॉना तापवत राहिले.
माफ केलंस का, असं कुणी विचारत नाही,
विचारणारा कुणाला ठाऊकच नाही.

भाषणं संपली. पहिल्या रांगेतल्या काळ्या टोपीच्या बाईनं
त्या उंच हाताकडे पाहिलं
आणि किंचित हसली, खोटं पकडल्यासारखी.
चौकात आम्ही दोघीच.

गर्दी पांगल्यावर मी जवळ गेले.
पाव थंड झाला होता.
एक पोरगं बापाला विचारत होतं, हा काय दाखवतोय?
सीमा, बाप म्हणाला.

बाही मनगटाशी घट्ट ओतली आहे.
आता ती कुणालाच काढता येणार नाही.