लायक जामीनदार

आरोपी तुमचा कोण, साहेबानं विचारलं.
लढ्ढा वकिलानं वऱ्हांड्यात पढवून ठेवलं होतं,
म्हना शेजारी हाये, लहानपनापासून पाह्यते.
मी म्हनलं, कोनी नाही.

टायपिंग थांबलं.

खरंच कोनी नाही पंजाब माह्या.
दिराच्या विहिरीवरची मोटर गेली,
रिपोर्टात त्याचं नाव दिरानंच टाकलं.
चोरली असंल, नसंल. मी त्या राती झोपली होती.

जामीन तर कवाचाच झाला होता,
पंधरा हजार अन् एक लायक जामीनदार.
त्या एका लायक मानसापायी
तेवीस दिस पंजाब यवतमाळच्या जेलात
अन् त्याची माय सुभिद्रा दारोदार.
सरपंचाचा सातबारा बँकेत,
मामाचं वावर अजून मामाच्या बापाच्या नावानं,
बाप मरून वीस वर्सं.
कोर्टाच्या गेटापाशी एक जन
दोन हजारात उभा राह्यते म्हनतात,
तो त्या दिवशी दुसऱ्याचा काका होता.

माह्या दारी ती आलीच नाही.
मीच गेली पटवाऱ्याकडं.
दीड एकर. नवरा गेल्यावर नावावर चढाले
तीन वर्सं लागले,
तवापासून तो कागद
पिठाच्या डब्याखाली दबून होता.

तहसीलात बाबू म्हने, ऐपत किती?
सत्तावन वर्साची झाली मी, बाप्पा,
मले हे कोनी विचारलं नव्हतं.
बाईले पोरं किती, इतकंच विचारतात.

साहेब म्हनले, कोणी नाही तर मग कशाला?
तारखेला आला नाही तर पैसे तुम्ही भराल.
जबाब नव्हता माह्यापाशी.
मी म्हनलं, लिहा.

राशन कार्डाच्या पाठीवर शिक्का बसला,
निळा, थोडा तिरपा.
दीर तवापासून बोलत नाही.

आता दर तारखेले पहाटच्या येष्टीत
मी पुढं, पंजाब मागं. बोलनं नाही.
दिग्रसच्या स्टँडवर उतरून
वळून पाह्यते, उतरला काय.

गेल्या तारखेले मागची सीट खाली होती.
दीड एकर पायाखालून सरकत होती
कोर्टापर्यंत.

पायरीवर बसला होता,
सायकल भितीले टेकवून, हात काळे ग्रीसनं.
तिकिटाले पैसे नव्हते म्हने,
तीनलेच निघालो,
रस्त्यात दोनदा चेन उतरली.
सांगतच राह्यला,
जसं मी विचारलंच असंल.