चालू कर, बंद कर

उभादांड्याच्या खाऱ्या वाऱ्यात
लोखंडाचं आयुष्य बारा वर्षं.
पंपापासून टाकीपर्यंतची लाईन सोळा टिकली,
म्हणजे चार वर्षं ती फुकट चालली, असं धरायचं.

बस्त्याव प्लंबर गोव्यात, मोठ्या बांधकामावर.
फोनवर म्हणाला, "नाताळाक येतलंय."
इकडे अजून दसरा व्हायचा होता.

तेव्हा मीच आणलं सामान मोचेमाडकरांच्या दुकानातून:
पाऊण इंची पाईप, तीन लांब्या,
एल्बो सात, युनियन दोन, टी एक,
सोल्युशनची डबी, टेफ्लॉन टेप.
काउंटरवरच्या पोराने दोनदा विचारलं,
घरात कोण आहे ना लावायला?
आहे, म्हटलं. मी आहे.

करवतीखाली पांढरा भुगा पडतो
खवलेल्या खोबऱ्यासारखा,
वास मात्र नव्या रबरी चपलांचा.
सोल्युशन लावून दहा मोजायचे, हलायचं नाही.
मी वीस मोजले.
सातही एल्बो नीट बसले.
थेंब आला तो टीवर.

टी म्हणजे काय, तर वाटणी.
बाबांनी घर मधोमध कापलं,
विहीर कापता येईना, म्हणून भिंतीपाशी ही टी:
डावीकडे माझी टाकी, उजवीकडे विसूची.
पंपाचं बटण त्याच्या पडवीत राहिलं.
साडेसहाला तो दाबतो, सातला बंद करतो.
नऊ वर्षं आमच्यात एवढंच बोलणं,
तेही पंपाच्या तोंडून.

टीच्या एका तोंडाला पितळी आटे.
टेप गुंडाळली, पाना लावला, पिळलं.
गळलं.
आणखी टेप, आणखी जोर.
आत कुठेतरी कर्र झालं
नि थेंबाची धार झाली.
पुन्हा करवत. पुन्हा दुकान. नवी टी, अठ्ठावन्न रुपये.
पोराने या वेळी काही विचारलं नाही,
ते जास्त लागलं.

कुंपणापलीकडे आत्माराम तारी
होडीच्या फटींत कापूस ठोकत होता.
बघून बघून शेवटी हातोडी ठेवून आला.
"टेप उलटी गुंडाळलंस गो.
आटे जातत तशीच गुंडाळूची,
नायतर पिळताना सुटता."
मग बोटाने आटा चाचपत,
"माका पाणी भायर ठेवूचा, तुका भितुर.
फट तीच.
आणि आवळू नको इतक्या. हातान घट्ट,
मगे अर्धो फेरो. पुरे."

पुसलं. सुकवलं. उजव्या अंगाने बारा वेढे.
आता पाणी सोडून बघायचं,
आणि बटण भिंतीपलीकडे.
दुपारचे अडीच.
मी भिंतीकडे तोंड करून ओरडले,
चालू कर!
कोणाला, ते म्हटलं नाही.

पलीकडे खाट करकरली. चपला.
पंप गुरगुरला,
पाईप थरथरला, हवा खोकली, पाणी चढलं,
टीच्या मानेवर घाम.
बंद कर!
बंद.
अर्धा फेरा.
चालू कर!
चालू.
बंद कर!

असं सहा वेळा.
चौथ्या वेळी आवाजातला हुकूम गेला,
पाचव्या वेळी मागे 'रे' लागलं, मी लावलं नव्हतं.
सहाव्या वेळी तिकडूनच आलं,
"करू?"
थांब जरा, म्हटलं, टेप संपली.

टी अजून रात्री एखादा थेंब सोडते.
तारी म्हणतो, विहिरीच्या क्षारान बुजतला आपसूक,
होडीसुद्धा पयले दोन दीस पाणी घेता.

सकाळी पाहिलं तर खाली निळी बादली.
माझ्या बादल्या लाल, दोन्ही.
तळाला चार बोटं पाणी होतं.
ते अळवाला घातलं,
बादली विसळली
आणि परत तिथेच ठेवली.