सात्या

तिच्या माहेरी, आरमोरीकडे, सात्या म्हणतात.
आमच्या गल्लीत टेकोडे.
धरमपेठेतल्या दुकानात, पांढऱ्या डबीवर
प्लास्टिक ताणलेलं असतं, तेव्हा मशरूम.
मी नाव घेत नाही.
मी म्हणतो, "ते तुझं आणलं."

बावीस वर्षं आणतोय.
पोळ्याच्या आधीचे पंधरा दिवस
पहाटे साडेपाचला स्कूटर काढायची.
कॉटन मार्केटच्या भिंतीशी
उमरेडच्या पहिल्या बसनं उतरलेल्या बाया
पळसाच्या पानांवर वाटे मांडून बसतात.
मटणापेक्षा महाग,
आणि देठांना अजून वारुळाची माती.

मी उकिडवा बसतो.
एकेक उचलून नाकाशी नेतो.
छत्री उघडलेली नको, देठ पिचलेला नको,
कालची तर मुळीच नको.
कालचीला ओल्या गोणपाटाचा वास येतो,
आजचीला नुकत्या उकरलेल्या जमिनीचा.
दोन्ही वासांनी माझ्या पोटात ढवळतं,
पण वेगवेगळं ढवळतं.

चिंधाबाई, दरवर्षी तीच जागा धरणारी,
म्हणते, "भाऊले लयच आवडते वाटते."
मी मान हलवतो.
भाव करताना खरं बोलून चालत नाही.

काय खुपतं तुम्हाला, असं ती विचारायची
लग्नाच्या पहिल्या वर्षी, आणि मी नीट उत्तर द्यायचो:
दाताखाली येतं तेव्हा कळत नाही
भाजी आहे की कुणाचा तरी कान.
माझी आई श्रावणात चुलीजवळ येऊ द्यायची नाही,
मटणासारखं लागतं म्हणून.
मोठा भाऊ फाल्गुन, सावजी रश्श्यात
घाम पुसत तिसरी वाटी मागणारा,
ताट सरकवायचा, मटण नाही म्हणून.
दोघंही माझ्या बाजूचे साक्षीदार.
साक्षी जुळेनात.

ती मात्र कारण देत नाही.
लसूण, हळद, मीठ, जवसाचं तेल,
आणि कढईवर झाकण नाही.
ही तिची रीत आहे की माझ्यावरचा राग,
अजून विचारलेलं नाही.
पहिला घास घेते आणि तिचा चेहरा निघून जातो
कुठेतरी बांधावर.
एकदाच म्हणाली, "वारूळ कुठं हाये ते बाबानं
भावायलेही नाई सांगितलं. मलेच फक्त."
मी समोर बसून वरण-भात कालवत होतो.

एका मारबतीला, बडग्यांच्या मागे, गर्दीत
सगळे ओरडत होते: खोकला घेऊन जा गे मारबत,
महागाई घेऊन जा गे मारबत.
मीही ओरडलो,
सात्या घेऊन जा गे मारबत!
पोट्टे खदखदून हसले.
ती दोन दिवस बोलली नाही.
तिसऱ्या दिवशी अंधारातच
मी स्कूटरला किक मारली.

गेल्या वर्षी माझा पाय प्लास्टरमध्ये.
तिचा भाऊ हिवराज गेला.
सात्यांवर जीव टाकणारा माणूस,
दुप्पट घेऊन आला, भावही केला नाही,
वाटेतच एक कच्ची तोंडात टाकलेली.
तिनं निवडल्या, धुतल्या, शिजवल्या,
दोन घास खाल्ले, आणि हात थांबला.
"कालच्या हायेत," ती म्हणाली.
हिवराज जेवतच होता. त्याला काही कळलं नाही.
माझ्या खाटेकडे न बघता ती पुढे बोलली,
"आवडते त्याले पाठवलं, तर तो पाहतेच कुठं."

यंदा गुडघा दुखतो.
तरी बसलो, भिंतीला हात टेकवून.
चिंधाबाईनं तीन वाटे पुढे केले.
पहिला उचलला: गोणपाट.
दुसरा, त्याच्या तळाशी दोन कालच्या लपवलेल्या.
तिसरा नाकाशी नेला आणि
आतून असं काही उसळून आलं
की डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"हा द्या," मी म्हणालो.