विश्रांतीचे ठोके

सागरमाळावरच्या आमच्या डिपार्टमेंटात
सकाळी पहिली मी येते.
कुलूप काढते, चालण्याच्या पट्ट्यावरची धूळ पुसते,
मास्क जंतुनाशकाच्या पाण्यात बुडवते.
एकवीस वर्षं लोकांचे श्वास धुतेय.
कागदावर प्रयोगशाळा परिचर,
पोरांची लगारेमावशी,
सरांची ‘अहो’.

यंदा नसीमा मुल्लाणीनं विषय घेतला हमालांचा.
सर म्हणाले, पैलवान घे, फुटबॉलवाले घे,
कोल्हापुरात पायांना काय तोटा?
ती म्हणाली, माझे अब्बा यार्डात मापाडी होते.
सर खिडकीतून मोराकडं बघत राहिले जरा वेळ
आणि सही केली.

पहिला आला यल्लाप्पा.
दाराशी चपला काढल्या,
पट्ट्याला हात लावून कपाळाला लावला.
वय?
“ते तुम्हीच लिवा.”
दोनशे वीसमधून वय वजा करतात,
म्हणजे काळीज जास्तीत जास्त किती धावेल ते कळतं.
आम्ही बेचाळीस धरलं. मग सत्तेचाळीस.
काळजानं दोन्ही ऐकलं नाही.

आणि मोकळ्या पाठीनं त्याला चालताच येईना.
पट्टा सरकायचा, हा मागं जायचा,
दांडी धरून उभा, लाजल्यासारखा.
“वजन द्या कायतरी, बाई.
असं रिकामं लई वंगाळ वाटतंय.”

मग रिक्षातून गुळाचा रवा आला,
तीस किलोचा, गोणपाटात, उन्हानं कोमट.
खरेदीच्या फॉर्मवर काय लिहायचं
यावर क्लार्क पाटणकरांनी दोन दिवस काढले.
शेवटी लिहिलं : भार, नग एक.

भार पाठीवर आला आणि यल्लाप्पा चालला.
काय चालला!
मान खाली, गुडघे किंचित मोडलेले,
पावलाचा आवाज म्हणून नाही.
पुस्तकात लिहिलाय त्याच्या पाऊण हिश्श्यातच
त्याचा प्राणवायू भागत होता.
नसीमा पडद्याला नाक लावून बसलेली.
“कुठं उतरवायचा?” त्यानं मास्कमधून विचारलं.
अडीच किलोमीटर झाले होते,
तो होता तिथंच होता.

अवघड गेलं ते भलतंच.
आधी वीस मिनिटं नुसतं पडायचं असतं,
विश्रांतीचे ठोके घ्यायला.
तो आकडा पायाचा, बाकी सगळं त्याच्यावर.
मी दिवा मालवला, पंखा हळू केला.
अठ्ठ्याण्णव.
एकशे चार.
“काय झालं, मामा?”
“तीनला गाडी लागतीया. नंबर जाईल.”
“या वेळचे पैसे मिळणार आहेत की.”
“पडायचे?”
उठूनच बसला तो.

दुसऱ्या दिवशी तेच. त्याच्यामागून आलेल्या अकरा जणांचंही तेच.
एक जण तेवढा झोपला, चांगला घोरला,
पण उजव्या हाताची बोटं वळलेली,
पोत्याला घालायचा आकडा धरल्यासारखी,
आणि नसीमाच्या वहीत आकडा वर वर चढत गेलेला.

सर म्हणाले, त्या रकान्यात सरासरी टाक,
तपासणारे विचारतील.
तिनं बारा घरांत बारा वेळा लिहिलं,
‘घेता आले नाहीत.’
काय विचारतील ते विचारतील.

रवा अजून कोपऱ्यात आहे.
नोंद झालीय, म्हणून फेकता येत नाही,
नोंद झालीय, म्हणून खाता येत नाही.
मुंग्यांची रांग पट्ट्याखालून जाते,
मी रोज पुसते, त्या रोज येतात.

काल सगळे गेल्यावर
त्या खाटेवर मीच पडले.
छातीला पट्टी बांधली, डोळे मिटले.
सात-आठ मिनिटांतच उठले,
नळ चालू राहिलाय असं वाटलं.
नव्हता.