कॅस्पियन, इयत्ता सातवी

नकाशात तो उभा,
वाळत घातलेल्या वांबीसारखा.
तांगडे बाई म्हणाल्या, हा समुद्र,
पण कोंडलेला. व्होल्गा आत येते,
बाहेर काहीच जात नाही. काठावर पाच देश.

मागच्या बाकावरून कचरू लिंबोरे:
"बाई, दरवाजे किती त्याला?
आपल्या नाथसागराला सत्तावीस."
"एकही नाही रे."
"मग पाणी सोडतं कोण?"
"कुणी नाही. ऊन पितं."

कचरूला हे पटलं.
मे महिन्यात ऊन इकडंही पितं घोटाघोटानं,
आधी बाभळीचे खुंट, मग मारुतीचा चौथरा,
मग आज्याचा उंबरा वर येतो.
त्यावर चुलते जाळी वाळवतात.

घंटा झाली. वहीत पाचही देश बरोबर रंगवलेले,
आणि मधोमध, निळ्यात,
बाईंनी न सांगितलेली
एक काळी आडवी रेघ.