प्रश्न क्रमांक चौदा

गारगोटीतून सकाळची पाटगाव एसटी,
शेवटच्या थांब्यापासून अर्धा तास चढ.
पिशवीत टॅब, पाण्याची बाटली,
आणि एका घरामागे मला मिळणारे साठ रुपये,
जे अजून मिळालेले नाहीत.

"उपग्रह सापडेपर्यंत हलू नका," म्हटलं,
तशी बायाक्का डेळेकर खरंच श्वास धरून बसली,
मांडीवर सूप, सुपात भात तसाच.

संकरित बियाणं मिळालं? व्हय.
खताची पोती? दोन.
तणनाशकाचा कॅन? मिळाला. पंप तिघांत एक.
उत्पन्न वाढलं का?
"वाढलं की. खोटं कशाला बोलू.
आठ पोत्यांची बारा झाली.
चार इकली, न्हाणीवर पत्रा घातला. बघ वर."
मी वर बघितलं. पत्रा नवा होता.
मी 'होय' दाबलं. 'पुढे' हिरवं झालं.

प्रश्न चौदा.
काल घरात कोणकोणत्या प्रकारचं अन्न खाल्लं?
"भात. आमटी."
पालेभाजी?
तिनं सूप खाली ठेवलं.
"कुठली लिवतीस?
आदी बांधावर गेलं की वटीत कुर्डू यायचा,
केना, पाथरी, टाकळा कवळा असंपर्यंत.
लगीन होऊन आल्यापास्नं
भाजी इकत आणली न्हाई म्या कवा.
आता त्या कॅनावर लिवलंय म्हणं,
ह्ये समदं तण."

आतून शालन आली, तिची सून,
ओले हात पदराला पुसत.
"आत्ती, धा वर्सं झाली तुमी भांगलायला येत न्हाईसा.
मी असायची. मी आन् जाऊबाई,
गुडघाभर चिखलात दीस दीस वाकून.
आता एक सकाळ पंप मारला की झालं.
पोरगी दुपारची कडगावला शिवणक्लासला जाती.
बाई, माझी कंबर कुठल्या रकान्यात बसती
तेवढं बघा की."

मी खाली सरकवत गेले. कंबर नव्हती.
कुर्डूही नव्हता.
'इतर' होतं,
त्यात तीसच अक्षरं मावतात.

मग तो प्रश्न, जो मी नेहमी
टॅबकडे बघत विचारते.
गेल्या तीस दिवसांत घरातलं कुणी
उपाशी झोपलं का?
"आमच्यात?" बायाक्का हसली.
"न्हाई गं. न्हाई लिव."
आणि त्याच दमात सुनेला,
"शालन, हिला भाकरी वाढ. उन्हातनं आलीया."

तांदळाची भाकरी, पातळ, पापुद्रा सुटलेला,
लसणाची चटणी, वर तेलाचा थेंब.
टोपलीत दोनच होत्या
हे मला दोन्ही खाऊन झाल्यावर दिसलं.

पायवाटेपर्यंत शालन सोडायला आली,
हातात शेळीचा कासरा.
बोलायचं असलं की माणसं शेळीशी बोलतात तसं
शेळीकडे बघतच म्हणाली,
"खालच्या बांधाला वीतभर पट्टा मी मारत न्हाई.
तिथं आलं की नोझल वर धरती.
आत्तीला सांगू नगासा.
आठ-पंधरा दिसांनी मूठभर खुडून आणती म्हातारी,
म्हणती, देव हाय अजून."

बसथांब्याच्या कट्ट्यावर मी टॅब पुन्हा उघडला.
फवारणीखालील क्षेत्र: वीस गुंठे.
त्यातून एक वीत वजा करायला गेले.
लाल अक्षरं आली.
गुंठ्याच्या खालचं काही तो घेत नाही.

प्रश्न चौदाला परत जाता येत होतं.
पालेभाजीसमोरच्या चौकोनावर बोट नेलं.
काल नाही, पण आठ-पंधरा दिवसांनी एकदा,
मूठभर, एकीच्या नकळत दुसरीनं राखलेली.
बोट तसंच राहिलं.
धूळ उडवत गाडी वळणावर दिसली.
कडगावच्या अलीकडे रेंज आली
आणि फॉर्म आपोआप गेला.